गणना, अंदाज की अनुमान?

शंका: वन्यप्राण्यांवरच्या एका लेखाचं मुद्रितशोधन करतेय. एकाच परिच्छेदात 'प्राणिगणना', 'शिरगणती' आणि 'संख्येचा अंदाज' असे तिन्ही शब्द आलेत. कुठला ठेवू? 'अंदाज' मला जरा पोकळ वाटतो, अंदाजपंचे दाहोदरसे म्हटल्यासारखा.

उत्तर: शिरगणती आधी काढा. तिथे एकूण एक डोकं मोजावं लागतं. उघड्या कड्यावर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची जमेलही, दाट रानातल्या जनावरांची कोण करणार? 'गणना' वर्तमानपत्रांनी रुळवला, पण तोही हाच गैरसमज पोसतो. 'अंदाज' उगाच बदनाम आहे. अंदाजपत्रक म्हणताना कुठे पोकळ वाटतं?

तळ्यातली कासवं घ्या. ५० पकडली, पाठीवर रंगाचा ठिपका देऊन सोडली. काही दिवसांनी ४० पकडली, त्यांत ८ ठिपकेवाली निघाली. म्हणजे पाचांत एक. ठिपकेवाली एकूण ५०, तर तळ्यात २५०. ही लिंकन-पीटरसन पद्धत. अमेरिकी पक्षिअभ्यासक फ्रेडरिक लिंकनने १९३० मध्ये रिंगा घातलेल्या बदकांवरून असंच गणित मांडलं. त्याच्या कितीतरी आधी, १८०२ मध्ये, फ्रेंच गणिती लाप्लासने फ्रान्सची लोकसंख्या याच धर्तीवर काढली होती.

शंका: म्हणजे शितावरून भाताची परीक्षाच की!

दुसरं उत्तर: नाही हो, म्हण इथे तोकडी पडते. भात सगळा एकाच आचेवर शिजतो, जनावरं तशी एकसारखी नसतात. एकदा पिंजऱ्यात अडकलेला उंदीर पुन्हा तिकडे फिरकत नाही, नाहीतर आमिषाला चटावून रोज हजर. पहिल्या प्रकारात खुणेचे कमी सापडतात आणि आकडा फुगतो, दुसऱ्यात घसरतो. वरच्या कासवांपैकी निम्म्यांचा रंग धुतला गेला, तर ८ च्या जागी ४ सापडतील आणि तळ्यात एकदम ५०० कासवं 'होतील'!

म्हणून अशा पकडलेल्या प्राण्यांसाठी 'नमुना'ही जपून वापरा. बोलण्यात नमुना म्हणजे मुद्दाम वेचून दाखवलेला (माणसाला म्हणतो तो नमुना वेगळा). संख्याशास्त्रात अगदी उलट: ज्यात आपल्या वेचण्याला वावच नाही, तो.

शंका: आणि 'अनुमान'?

उत्तर (पहिल्याच उत्तरदात्याचं): धुरावरून आग ओळखणं हे अनुमान, आग केवढी हे सांगणं अंदाज. तुमच्या लेखात आकडा आहे, तेव्हा 'अंदाज'च. फक्त तो एकटा सोडू नका. कासवांच्याच आकड्यांना चॅपमनची दुरुस्ती (थोडेच प्राणी सापडले की आकडा फुगतो, तो आवरणारं सूत्र) लावली तर २५० चे २३१ होतात, आणि खरा आकडा ज्यात असावा तो पल्ला साधारण ११५ ते ३४५ इतका ऐसपैस निघतो. लेखकाकडून हा पल्ला मागून घ्या. आणि 'सुमारे २३१' असं छापू नका. 'सुमारे' लिहायचं तर २३०.