बॅजोनं एकट्यानं घालवला?

इटलीचा फुटबॉलपटू रॉबर्टो बॅजोनं पेनल्टी गोलच्या वरनं मारली आणि इटलीचा वर्ल्डकप घालवला, हे वरच्या पोस्टमधलं अजिबात पटलं नाही भावा. १९९४ ला ब्राझीलविरुद्धच्या फायनलच्या टायब्रेकरला (बरोबरीनंतरच्या पाच-पाच पेनल्टी) त्याच्या आधी इटलीचेच बारेसी आणि मासारो दोघंही चुकलेले, त्यानं गोल केला असता तरी ३-३ होऊन ब्राझीलची पाचवी किक शिल्लकच होती. आणि नायजेरिया, स्पेन, बल्गेरियाला हरवताना इटलीच्या सहापैकी ५ गोल त्याचेच की!

पण कुणी लिहिलं नाही ते १९९८ चं. चिलीविरुद्ध १-२ नं मागं, ८५ व्या मिनिटाला पेनल्टी, आणि परत हाच पुढं आला, मारली आणि बरोबरी केली. आमच्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर टायब्रेकर लागला की तालमीच्या फुटबॉल टीमची भलीभली पोरं किक टाळायला बूटची लेस बांधत बसतात, बघितलंय मी, म्हणून मला चिलीचीच पेनल्टी लई मोठी वाटते.