अडीच वर्षांच्या मुलाला घरात कशात गुंतवावे?

चाळीसगावहून, एक आई:
आमचा मुलगा अडीच वर्षांचा असून अंगणवाडीला अजून अवकाश आहे. त्याच्यासाठी प्राण्यांची चित्रकार्डे आणली, परंतु ती लगेच पलंगाखाली जातात आणि तो स्वयंपाकघरात येऊन डबे वाजवत बसतो. सध्या उन्हामुळे सकाळी दहानंतर त्याला अंगणात सोडता येत नाही आणि हाती मोबाइल द्यायची माझी इच्छा नाही. फारसा खर्च न करता घरात त्याच्याकडून काय करून घ्यावे? शिवाय सासूबाई त्याच्याशी अहिराणीत बोलतात व मी मराठीत. त्यामुळे त्याचा गोंधळ तर होणार नाही ना?

अमळनेरहून, निवृत्त अंगणवाडी सेविका:
ताई, त्याला डबे आवडतात तर डबेच द्या. ओट्याखालचा एक कप्पा त्याच्या नावे करून त्यात लहानमोठे चार-पाच स्टीलचे डबे झाकणांसह ठेवा. कोणते झाकण कोणत्या डब्यावर बसते हे शोधताना आकाराची जी समज हाताला येते, ती कार्डावरच्या चित्राने येत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा त्यांनीही महागड्या साधनांऐवजी परिसरातल्या वस्तूच मुलांच्या हाती दिल्या होत्या.

भाकरी करताना त्याला ज्वारीच्या पिठाचा एक गोळा, निवल्यावरच, द्यावा आणि शेजारी कणकेचा. कणीक ओढली की लांबते. ज्वारीचे पीठ मात्र तुटते आणि थापताना कडेला चिरा पडतात, कारण त्यात गव्हासारखा चिवटपणा नसतो. त्याला कारण सांगत बसू नये. दोन्ही गोळे ओढू द्यावेत आणि आपण ‘हे तुटलं, हे लांबलं’ एवढेच म्हणावे.

भुसावळहून, एका मुलीचे वडील:
सेविकाताईंच्या म्हणण्याला एक पुस्ती जोडतो. कडधान्ये निवडून वेगळी करण्याचा खेळ सर्रास सुचवला जातो, तो तीन वर्षांखालील मुलांसाठी मला मुळीच पटत नाही. हरभरा, शेंगदाणा किंवा चिंचोका नाकात जातो, कधी श्वासनलिकेत अडकतो. त्याऐवजी कांदे एका टोपलीत, बटाटे दुसऱ्या टोपलीत, आणि बाजारातून भरताची वांगी आली असतील तर तीही, असा खेळ होतो. देठाचे काटे तेवढे आधी काढावेत. उन्हाळ्यात सकाळी सावलीत परात, तांब्या आणि दोन वाट्या दिल्या तर पाणी ओतण्यात मुले बराच वेळ रमतात. मोठ्या माणसाने मात्र तिथून हलू नये आणि खेळ संपताच परात रिकामी करावी, कारण वीतभरापेक्षा कमी पाणीही या वयाला धोक्याचे असते.

धुळ्याहून, एक आजी:
सासूबाईंना अहिराणीतच बोलू द्यावे. दोन भाषा ऐकणारी मुले सुरुवातीला एका वाक्यात दोन्हींचे शब्द मिसळतात. तो गोंधळ नव्हे, शिकण्याचीच रीत आहे. आजीने मेथी निवडताना त्याला शेजारी बसवावे, पाने एका बाजूला आणि काड्या दुसऱ्या बाजूला ठेवायला सांगावे व हातातल्या कामाबद्दल बोलत राहावे. भाजी थोडी वाया जाईल, ते धरूनच चालावे. मोबाइलबाबत तुमचा निर्णय योग्यच आहे; जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसारही दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा नको, आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगले.

चाळीसगावहून, एक आई:
सर्वांचे आभार. कप्पा आजच लावला. तो मोठे झाकण लहान डब्यावर ठेवतो आणि चिडतो. अशा वेळी मी बसवून द्यावे का?

अमळनेरहून, निवृत्त अंगणवाडी सेविका:
लगेच नको. तो मदत मागेपर्यंत थांबावे, आणि मागितली तरी योग्य डबा फक्त त्याच्याजवळ सरकवावा. फार चिडला तर सुरुवातीला दोनच डबे ठेवून बाकीचे काढून घ्या. झाकणांच्या कडांवरून मात्र एकदा बोट फिरवून पाहा. जुन्या डब्यांच्या कडा कापतात.