विकृती रोखण्यासाठी ऑप्टिकल लिमिटर : कितपत योग्य?

नादानुरागी : अ‍ॅम्प्लिफायरला पुरवठ्याच्या व्होल्टेजपलीकडे जाता येत नाही; तशी मागणी झाली की लहरींचे माथे सपाट कापले जातात आणि मूळ ध्वनीत नसलेले हार्मोनिक्स (मूळ वारंवारतेच्या पटीतले स्वर) ऐकू येतात; हीच विकृती. यावर ऑप्टिकल लिमिटर, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने सिग्नलची पातळी मर्यादेत ठेवणारे उपकरण, याइतका सभ्य उपाय दुसरा नाही, असे माझे मत आहे. आउटपुट ठरावीक मर्यादेपुढे गेले की एलईडी उजळतो, त्यासमोरच्या कॅडमियम सल्फाइडच्या एलडीआरचा (प्रकाश पडला की रोध घटणाऱ्या घटकाचा) रोध झपाट्याने उतरतो आणि इनपुट तेवढे दबते. सिग्नलच्या वाटेवर केवळ एक रोध असल्याने लिमिटर स्वतःची विकृती फारशी मिसळत नाही. १९६० च्या दशकातील टेलिट्रॉनिक्स एलए-२ए हा लिमिटर याच तत्त्वावर चालतो (त्यात एलईडीऐवजी इलेक्ट्रोल्युमिनेसंट पट्टी आहे) आणि गायनासाठी तो आजही आवडीने वापरला जातो.

वेगमापक : गायनासाठी वापरला जातो, हे खरे, पण आपण ज्याला प्रतिबंध म्हणता, तो घटना घडून गेल्यावर होतो. एलए-२ए चा अटॅक (सिग्नल दाबायला लागणारा वेळ) सरासरी १० मिलिसेकंद आहे, म्हणजे १ किलोहर्ट्झच्या स्वराची १० आवर्तने पूर्ण होईपर्यंत तो सावरत असतो. एफईटी या प्रकारच्या ट्रान्झिस्टरवर चालणारा ११७६ नावाचा लिमिटर हेच काम २० मायक्रोसेकंदांत सुरू करू शकतो. शिवाय एलडीआरला प्रकाशाची स्मृती असते: निम्मी पूर्वस्थिती सुमारे ६० मिलिसेकंदांत येते, उरलेलीला अर्ध्यापासून पाच सेकंदांपर्यंत वेळ लागतो. तेवढा वेळ तबल्याच्या एका जोरकस थापेमागे गायकाचा आवाजही दबून राहतो.

नादानुरागी : काही मिलिसेकंदांचे क्लिपिंग (माथे कापले जाणे) कानाला क्वचितच खटकते, खटकते ते सतत चालणारे. माथा तेवढाच राहून साइन लहरीची चौकोनी लहर झाली, तर शक्ती दुप्पट होते आणि १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर २०० वॅटच्या आसपास देऊ लागतो. मोठ्या स्पीकरची व्हॉइस कॉइल (शंकू हलवणारी तारेची गुंडाळी) तापायला मात्र कित्येक सेकंद लागतात, त्यामुळे हा संथपणा तिथे दोष ठरत नाही.

मध्यसप्तक : आपण दोघेही अ‍ॅम्प्लिफायरची मर्यादा आणि स्पीकरची मर्यादा एकच धरत आहात. स्पीकरच्या छिद्र असलेल्या पेटीत ट्यूनिंगच्या (पेटी ज्या वारंवारतेला जुळवलेली असते तिच्या) खालच्या वारंवारतेवर शंकूला हवेचा आधार उरत नाही आणि अ‍ॅम्प्लिफायर क्लिप होण्याच्या कितीतरी आधी तो आपल्या मर्यादेबाहेर हलतो. केवळ व्होल्टेज पाहणाऱ्या लिमिटरला वारंवारता कळत नाही; तिथे खालच्या वारंवारता अडवणारा हाय-पास फिल्टरच हवा. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. लिमिटर बसला की चालवणारा निर्धास्तपणे व्हॉल्यूम चढवतो. माथे तेवढेच ठेवून माथा आणि सरासरी यांतील अंतर १२ डेसिबलवरून ६ वर आले, तर सरासरी शक्ती चौपट होते. विकृती ऐकूही येत नाही आणि कॉइल जळते.

वेगमापक : म्हणूनच सिग्नल काही मिलिसेकंद थांबवून पुढचा माथा आधीच पाहणारा डिजिटल लिमिटर मला अधिक पटतो, त्यात माथ्याची आणि सरासरीची मर्यादा वेगळी ठरवता येते. एलडीआरचे दोन नग सारखे निघत नाहीत, त्यामुळे स्टीरिओमध्ये दोन्ही बाजू कमीजास्त दबतात, हा भाग वेगळाच.

नादानुरागी : नग मोजून जोडी लावता येते, कटकटीचे काम आहे, एवढे मान्य. डिजिटल लिमिटरचा विलंब मात्र मंचावर स्वतःचा आवाज मॉनिटरमधून ऐकणाऱ्या गायकाला जाचतो. ऑप्टिकल लिमिटर सरासरीसाठी ठेवून त्याच्यापुढे दोन-तीन डेसिबल वर लावलेला डायोडचा साधा क्लिपर माथ्यांसाठी पुरतो, असे मी अजूनही म्हणेन.