कोरियात डोंगरातल्या प्रायव्हेट गोल्फ क्लबवर बोलावलंय, इज्जत कशी वाचवू?

रावपुराकर:
मंडळी, कंपनीच्या कामाने ऑक्टोबरमध्ये कोरियाला जातोय, तिथल्या पार्टीने रविवारी गोल्फला बोलावलंय, मोठ्या साहेबांची मेंबरशिप आहे म्हणे, सोलपासून तास-दीड तासावर डोंगरात. माझं गोल्फ म्हणजे आपल्या बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात खेळलो तेवढंच, सगळं सपाट. नाही म्हणायची सोय नाही. काय काय लागेल?

जुना_सुवॉनकर:
तीन वर्षं होतो तिकडे, घाबरू नका. देशाचा साधारण ७० टक्के भाग डोंगरच, म्हणून डोंगर कापून पायऱ्या पायऱ्यांचे कोर्स करतात. चढावर ग्रीन (होल आणि झेंडा असलेली बारीक कापलेली हिरवळ) असेल तर एक क्लब मोठा, म्हणजे जास्त लांब मारणारी काठी घ्या. डोंगराच्या बाजूला गेलेला बॉल कधी कधी घरंगळत परत येतो, दरीच्या बाजूचा मात्र गेला, शोधत बसू नका, मागून येणारी टीम सात-आठ मिनिटांवर उभी असते. त्यासाठीच पुढे ओबी टी असतो, म्हणजे बॉल हद्दीबाहेर गेला की मारायची ठरलेली जागा, दंडाचे फटके मोजून तिथून मारायचं. काही ठिकाणी एका होलला दोन ग्रीन दिसतील, झेंडा कुठल्यावर आहे ते आधी बघा, मी पहिल्यांदा भलत्याच ग्रीनवर मारला होता, हसू नका.

सेवउसळप्रेमी:
ट्रॉली ओढत डोंगर चढायचा? ज्यादा मोजे न्या 😄

जुना_सुवॉनकर:
ओढायचं काही नाही हो. चौघांत एक कॅडी (खेळणाऱ्यांची मदतनीस), बहुतेक बाईच असते, आणि इलेक्ट्रिक कार्ट, ती रिमोटने आपोआप रस्त्याने चालते. कॅडीबाई अंतर सांगते, ग्रीनवर बॉलची लाइनसुद्धा लावून देते, ती सांगेल तसंच मारा. तिची फी चौघांत वाटून रोख देतात, दीड लाख वॉनच्या आसपास, ग्रीन फी, म्हणजे मैदानावर खेळायचे पैसे, वेगळी. ग्रीन फी यजमान देतील, पण कॅडीच्या पैशांसाठी पाकीट काढून दाखवा, बरं दिसतं. नऊ होलनंतर मधे हॉटेलसारखं असतं तिथे बियर, माक्कोली (तिकडची तांदळाची दारू), खाणं, शाकाहारी असाल तर आधीच सांगून ठेवा नाहीतर किमचीत पण मासळी असते. क्लबहाऊसमध्ये जाताना कॉलरचा शर्ट आणि ब्लेझर, जुन्या क्लबांत बघतात.

मांडवीची_मावशी:
इथून भाकरवडी न्या, आमच्या ह्यांनी नेली होती, डबा कार्टमध्येच संपला.

रावपुराकर:
आभारी आहे सगळ्यांचा! एकच, खेळून झाल्यावर आंघोळ असते असं यजमानांनी लिहिलंय, म्हणजे शॉवर ना?

जुना_सुवॉनकर:
शॉवर आहेच, पण नंतर मोठ्या गरम हौदात सगळे एकत्र, साहेबसुद्धा.

रावपुराकर:
चड्डीवर चालेल?

जुना_सुवॉनकर:
नाही.