हंगामाच्या सणाचं दान मूर्तिकाराला द्यावं का?

शाहूपुरीची ताई

येत्या रविवारी उपासनेनंतर आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, बैठक आहे. त्याआधी मला चार लोकांचं ऐकायचंय, मंडळीतल्यांचं आणि बाहेरच्यांचंही. मंडळीचं नाव देत नाही, कारण हा प्रश्न एकट्या आमचा नाही.

प्रस्ताव मीच मांडलाय. हंगामाच्या सणाला लोक भोपळे, ऊस, गुळाच्या ढेपा, नारळ, कोंबड्या घेऊन येतात आणि उपासना झाली की आवारात लिलाव होतो. त्या लिलावाचा तिसरा हिस्सा आणि प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षरसाच्या विधीच्या) रविवारचं सगळं अर्पण वेगळं काढून सेवा निधी करायचा. तो मंडळीबाहेरच्या गरजूंवर खर्च करायचा, मग माणूस कुठल्याही धर्माचा असो. प्रभुभोजनाचं अर्पण पूर्वी गरीब फंडातच जायचं, असं माझी आजी सांगायची. मधल्या काळात ते कधी वीजबिलात मिसळायला लागलं ते कुणाला कळलं नाही.

वाद खरं तर २०१९ पासून साठलाय. त्या ऑगस्टमध्ये इथं कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट. सुतारवाड्यात, शाहूपुरीत, बापट कॅम्पात पाणी होतं. बापट कॅम्पातल्या कुंभारांकडे गणपती रंगवून ठेवलेले, सण महिन्याच्या आत आलेला. पाणी उतरल्यावर तरुण संघाची पोरं घेऊन आम्ही तिथं चिखल काढायला गेलो. एका घरात मूर्तींचा नुसता लगदा झाला होता आणि एक म्हातारी बाई त्यातून लाकडी पाट वेचून धुऊन ठेवत होती. मी तिला धान्याचं किट पुढं केलं. ती म्हणाली, "बाई, धान्य कालच दोघांनी दिलं. रंगाला आणि मातीला पैसे असतील तर बघा. हा सण गेला की आमचं वर्ष गेलं."

आम्ही परत येऊन कमिटीपुढं ठेवलं. कमिटीनं नाही म्हटलं. देवाच्या घरात आलेलं दान मूर्ती घडवायला जाऊ शकत नाही, असं उत्तर मिळालं. मग आम्ही सहा-सात जणांनी खिशातून जमतील तेवढे दिले. ते पुरेसे नव्हते, हे तेव्हाही माहीत होतं.

सेवा निधीवर "मूर्ती, मंदिर, मशीद यांच्याशी संबंधित कामासाठी वापरू नये" अशी अट घालावी, असं काहींचं म्हणणं आहे. मला ती अट नको. गरज काय आहे हे गरज असलेल्या माणसानं सांगायचं असतं. तुमचं काय मत?

मिशन कंपाउंडातला

ताई, त्या बैठकीत नाही म्हणणाऱ्यांत मी होतो. आजही तेच म्हणेन, आणि का ते सांगतो.

माझ्या पणजोबांनी ख्रिस्त स्वीकारला तेव्हा गावानं त्यांचं पाणी तोडलं. भावकीनं लग्नाकार्याला बोलावणं बंद केलं. त्यांनी ती किंमत कशासाठी मोजली? दगड-मातीपुढं हात जोडायचे नाहीत, एवढ्या एका गोष्टीसाठी. लिलावात जी विधवा बहीण शंभराचा भोपळा पाचशेला घेते, ती ते पैसे त्याच श्रद्धेनं वेदीपाशी ठेवते. तिला न विचारता ते मातीला द्यायचा अधिकार कमिटीला कुणी दिला? त्या म्हातारीला मी पत्रे दिले असते, गादी दिली असती, नातवाची फी भरली असती. ते मी नाकारलं नव्हतं.

दुसरं. आपल्या पाळकांचा पगार गेल्या वर्षी दोनदा उशिरा झाला. वेदीच्या डाव्या बाजूचं छप्पर जूनमध्ये गळतं आणि आपण खाली बादली ठेवतो. बायबलात प्रेषित पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात सगळ्यांचं बरं करायला सांगितलं, पण विश्वासाच्या घराण्यातल्यांचं विशेषकरून, असंही त्याच वाक्यात सांगितलं. घरच्या माणसाला उपाशी ठेवून गावजेवण घालणं मला पटत नाही.

वॉन्लेसवाडीची नात

काका, छपराचं मी मान्य करते. पण "घरचे" आणि "बाहेरचे" ही रेघ आपल्याकडून ओढली जावी याचं वाईट वाटतं, कारण आपण स्वतः बाहेरच्यांच्या दानावर उभे आहोत.

अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. इथं त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. त्यांच्या शाळांना, घराला, कागदाला पैसा पुरवणारी माणसं अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांत बसलेली होती. कोल्हापूर नकाशात कुठं आहे हे त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल? मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस १८८९ साली या भागात आले आणि १८९४ साली मिरजेचं हॉस्पिटल उभं राहिलं. पुढं सांगली आणि मिरजेच्या मध्ये क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम झालं, त्यावरूनच वॉन्लेसवाडी हे नाव पडलं. माझे आजोबा त्या सॅनिटोरियममध्ये होते. ते तेव्हा ख्रिस्ती नव्हते आणि शेवटपर्यंत झाले नाहीत. पंढरीची वारी करणारा माणूस होता. बरं होऊन आले आणि पुढच्या आषाढीला चालत वारीला गेले. आता त्या दूरच्या मंडळीतल्या एखाद्या बाईनं म्हटलं असतं की माझ्या दानानं बरी झालेली फुप्फुसं विठ्ठलाचं नाव घेणार असतील तर मला नको, तर?

आणि ताई, तुमच्याशीही माझा थोडा वाद आहे. निधी कोल्हापुरातच का खर्च व्हावा? मेळघाटात, गडचिरोलीत काम करणाऱ्या सेवाभावी संस्थांना त्यातलं काही जायला हवं. परदेशातून आलेला निधी एका संस्थेनं दुसऱ्या संस्थेला देणं परदेशी देणगीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर बंद झालंय. लहान लहान कामं त्यामुळं अडली आहेत. त्यांना आता इथल्या मंडळ्यांचाच आधार आहे.

मिशन कंपाउंडातला

ताई, तुमच्या आजोबांचं ऐकून बरं वाटलं, मनापासून सांगतो. पण औषध आणि मूर्ती एक नाही. बरं झालेला माणूस पुढं काय करतो हा त्याचा आणि देवाचा प्रश्न. मूर्तीचे पैसे देताना मात्र ते कशाचे आहेत हे मला आधीच माहीत असतं.

शिवाजी पेठेचा

मी ख्रिस्ती नाही, तालमीत वाढलेला माणूस. न विचारता बोलतोय, राग धरू नका.

काका, तुम्ही निदान तोंडावर सांगताय, त्याचा मान राखतो. पण आमच्या बाजूला जे वाटतं तेही ऐकून घ्या. २०२१ च्या पुरानंतर आमच्या पाहुण्यांच्या गावात एका संस्थेनं ब्लँकेटं वाटली. चांगलं केलं. आठवड्यानं तीच माणसं परत आली, ब्लँकेट घेतलेल्यांची यादी हातात, आणि म्हणाली प्रार्थनेला या. माझ्या मावशीनं ते ब्लँकेट घडी घालून कपाटात ठेवलं ते आजपर्यंत अंगावर घेतलेलं नाही. थंडीत कुडकुडली पण घेतलं नाही. तिला वाटलं आपला सौदा झाला. १९७७ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की धर्माचा प्रचार करायचा हक्क आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क त्यात येत नाही. कायदा राहू दे बाजूला, माणसाच्या अडचणीच्या दिवशी त्याला काही मागू नये एवढंच माझं म्हणणं.

हे शाहू महाराजांचं गाव आहे. १९०१ पासून त्यांनी मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेल्या समाजांची पोरं, सगळ्यांसाठी बोर्डिंगं उभी केली. ख्रिस्ती पोरांसाठीसुद्धा केलं. तिथं राहणाऱ्या पोरानं महाराजांचा देव मानावा अशी अट नव्हती. तुमच्या चर्चनं त्या कुंभाराच्या म्हातारीला मातीचे पैसे दिले असते ना, तर आख्ख्या बापट कॅम्पानं तुमचं नाव काढलं असतं. ह्यांना आपल्याकडून काही नको, एवढं त्यातून कळलं असतं.

मिशन कंपाउंडातला

दादा, तुमच्या मावशीबद्दल वाईट वाटलं. यादी घेऊन जाणं चूक होतं, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण एक विचारतो. मी कुणाच्या घरी चिखल काढायला गेलो आणि त्यानं विचारलं, "तुम्ही का आलात?" तर मी येशूचं नाव घ्यायचं नाही का? ते लपवलं तर मी खोटा ठरतो.

शिवाजी पेठेचा

विचारलं तर सांगा की, काका. कोण नको म्हणतंय? न विचारता नको.

जमाखर्च

मी काही ट्रस्टांचे हिशेब लिहिते, त्यामुळं कोरडं बोलते.

आधी मंडळीच्या ट्रस्टचं उद्देश-कलम काढून वाचा. बहुतेक ठिकाणी ते कपाटात असतं आणि कमिटीतल्या कुणी वाचलेलं नसतं. आपला विश्वस्त कायदा १९५० चा. त्यात गरिबी किंवा संकटाचं निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत ही धर्मादाय कामं मानली आहेत. ट्रस्टच्या उद्देशांत हे असेल तर पूरग्रस्त कारागिराला धंदा परत उभा करायला मदत देणं त्यात बसतं. माती हा त्याचा कच्चा माल आहे, जसं शिंप्याला कापड. उद्देश फक्त उपासनेपुरते असतील तर आधी तो प्रश्न सोडवा, नाहीतर ऑडिटला उत्तर देताना नाकी नऊ येतील.

काकांचा विधवा बहिणीचा मुद्दा मला मात्र बिनतोड वाटतो. देणाऱ्याला सांगून घ्या. लिलाव सुरू होण्याआधी मोठ्यानं जाहीर करा की यातला तिसरा हिस्सा सेवा निधीचा, तो असा असा खर्च होईल. ज्याला नको त्यानं छपराच्या पेटीत टाकावं. वर्षाअखेर निधीचा हिशेब उपासनेत वाचून दाखवा, फक्त रकमा आणि कारणं. मदत घेणाऱ्यांची नावं वाचू नका, फोटो तर मुळीच नको.

सीपीआरची सिस्टर

सीपीआरमधून, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यातून, ड्युटीवरून आले, सगळं वाचलं. इतका वेळ कुंभाराच्या मातीवर चाललंय, पण पूर सहा महिन्यांनी आठवतही नाही कुणाला. मंडळ्या, मंडळं, क्लब, सगळे एकदा येतात, फळं वाटतात, फोटो काढतात. केळी खाऊन संपतात. राधानगरी, गगनबावड्याहून आलेला पेशंट घरी गेल्यावर त्याचं काय होतं हे बघायला कुणी येत नाही.

मी टीबीचं सांगते. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, साधा टीबी सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो. तरी माणसं गोळ्या सोडतात. पोटात अन्न नसेल तर गोळ्या सोसत नाहीत, कामावर गेलं नाही तर चूल पेटत नाही. सरकार पोषणासाठी महिन्याला पैसे देतं, आधी ५०० होते, आता १००० झालेत. एका माणसाच्या दूध-अंड्याला ते पुरत नाहीत. २०२२ पासून निक्षय मित्र म्हणून सोय आहे. कुठलीही संस्था नाव नोंदवून रुग्णाला निदान सहा महिने दरमहा आहाराचं किट देऊ शकते, रुग्णाची संमती असेल तर. डाळ, शेंगदाणे, तेल, अंडी. तुमच्या मंडळीनं चार रुग्ण घ्यावेत, पण सहाही महिने सोडू नयेत. तिसऱ्या महिन्यात माणसाला बरं वाटायला लागतं आणि तो गोळ्या बंद करतो. नेमका तेव्हाच मदत करणाऱ्यांचाही उत्साह संपतो.

वॉन्लेसवाडीच्या ताई, तुमच्या आजोबांच्या काळी ही औषधं नव्हती. हवा, आराम आणि अन्न, एवढ्यावर माणसं महिनोन्‌महिने झुंजायची. अन्नाची गरज अजून तीच आहे.

वॉन्लेसवाडीची नात

सिस्टर, पहिल्या रुग्णाचे सहा महिने माझ्याकडून. मेळघाटाचा मुद्दा मी सोडलेला नाही, पण तो पुढच्या वर्षी मांडेन.

शाहूपुरीची ताई

सगळ्यांचे आभार. माझा प्रस्ताव मी बदलतेय.

लिलावाआधी जाहीर करायचं आणि छपरासाठी वेगळी पेटी ठेवायची, हे घेतलं. काका बरोबर होते, देणाऱ्यांना आम्ही कधी विचारलंच नव्हतं. पाळकांचा पगार आधी वेगळा निघेल, मगच तिसरा हिस्सा मोजायचा, हेही लिहिलं. निधीतला मोठा वाटा टीबीच्या चार रुग्णांना सहा महिने. उरलेला पुरासाठी राखून ठेवायचा, कारण पंचगंगा परत येणार आहे आणि तेव्हा बैठक घ्यायला वेळ नसतो. मदत करताना धर्म विचारायचा नाही, कुणाला प्रार्थनेला बोलवायचं नाही, कुणी विचारलं तर सांगायचं. शिवाजी पेठेच्या दादांचे शब्द जवळजवळ तसेच घेतलेत.

मूर्तींबद्दलची अट मात्र मी घालणार नाही. येशूच्या गोष्टीत शोमरोनी, म्हणजे परक्या समाजातल्या, माणसानं वाटेवर जखमी पडलेल्याला उचललं, खानावळीत नेलं, दोन नाणी दिली. तो पडलेला माणूस कुठल्या देवाला मानतो हे गोष्टीत कुठंच येत नाही. येशूनं ते सांगितलं नाही, तर मी कोण विचारणार? काका, रविवारी तुम्ही याविरुद्ध बोलाल हे माहीत आहे. जरूर बोला.

मिशन कंपाउंडातला

बोलणार आहे. अट हवी म्हणूनच मत देईन. माझं मन यात बदललेलं नाही, आणि बदललं असं दाखवणं बरोबर नाही.

पण टीबीच्या चारपैकी एका रुग्णाचं किट दर महिन्याला पोचवायचं काम माझ्याकडं द्या. स्कूटर आहे, निवृत्त आहे, वेळ आहे. आणि त्या बापट कॅम्पातल्या बाई अजून आहेत का, घर कोणतं, ते मला बैठकीनंतर सांगा. पत्र्याचं मी तेव्हा नुसतं बोललो होतो, दिले नव्हते.