तारखेच्या पॅरामीटरला कास्ट लावायचाच (त्याचा प्रकार स्वतः लिहायचाच), की प्रकार ठरवणं डेटाबेसवर सोडायचं?

सांगलीवाडीकर:
उसाच्या बिलांच्या सॉफ्टवेअरचं काम करतो. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. म्हणून मुदत उलटलेली बिलं काढणारी क्वेरी हंगामात रोज चालते. पोस्टग्रेस डेटाबेसवर अट अशी ($१ म्हणजे पॅरामीटर, नंतर भरायच्या तारखेची जागा):

ऊस_तारीख < $१ - इंटरव्हल '१४ डेज'

प्रिपेअर करतानाच, म्हणजे तारीख भरण्याआधी क्वेरी तयार होतानाच, एरर येते: डेट आणि इंटरव्हल (कालावधी) यांची तुलना करणारा ऑपरेटर नाही. वजाबाकीत एका बाजूचा प्रकार माहीत नसला की पोस्टग्रेस तो आधी दुसऱ्या बाजूसारखाच धरून बघतं. म्हणजे $१ झाला इंटरव्हल आणि वजाबाकीचं उत्तरही इंटरव्हल. डावीकडे डेटचा कॉलम उभा आहे, पण आतली वजाबाकी सोडवताना त्याचा विचारच होत नाही. इंटरव्हलच्या जागी नुसतं १४ लिहिलं तर $१ पूर्णांक होतो. $१::डेट असा कास्ट लिहिला की चालतं.

माझं मत: तारखेच्या प्रत्येक पॅरामीटरला कास्ट हवाच.

मिरज_जंक्शन:
'प्रत्येक' पटत नाही. तुमची एरर प्रिपेअरलाच आली, एकाही शेतकऱ्याचं बिल चुकलं नाही. आता हे बघा. काट्यावर गाडीचं वजन झाल्याची वेळ टाइमस्टॅम्पमध्ये (तारीख आणि वेळ एकत्र) असते. 'रात्री १०:४० नंतरच्या गाड्या' काढताना कुणी सवयीने $१::डेट लिहिलं, तर '२०२५-०१-१० २२:४०' मधली वेळ गुपचूप गळते आणि त्या दिवशीच्या पहाटेपासूनच्या सगळ्या गाड्या यादीत येतात. एरर नाही, इशारा नाही. कॉलम = $१ अशा साध्या तुलनेत डेटाबेस कॉलमवरूनच प्रकार घेतो आणि तो बरोबर असतो. तिथे मध्ये पडू नये.

कराडहून:
दोष ड्रायव्हरला (प्रोग्रॅम डेटाबेसला जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला) द्या, असं म्हणणारे येतीलच, म्हणून आधीच सांगतो. पोस्टग्रेसचा जावा ड्रायव्हर सेटटाइमस्टॅम्पमध्ये (टाइमस्टॅम्प भरणाऱ्या फंक्शनमध्ये) मुद्दाम प्रकार सांगत नाही. कॉलम टाइमझोनवाला आहे की बिनटाइमझोनचा, हे त्याला ठाऊक नसतं. उलट ओरॅकल डेटाबेसमध्ये बाइंडचा (भरलेल्या पॅरामीटरचा) प्रकार क्लायंटच, म्हणजे क्वेरी पाठवणारा प्रोग्रॅमच, सांगतो. तिथे डेट कॉलमसमोर टाइमस्टॅम्प बाइंड केला की कॉलमच टाइमस्टॅम्पमध्ये बदलून तुलना होते आणि त्या कॉलमवरचा साधा इंडेक्स (लवकर शोधण्यासाठीची सूची) वाया जातो. म्हणजे प्रकार सांगितला की सुटलो, असंही नाही. मायएसक्यूएल हा आणखी एक डेटाबेस ८.०.२२ पासून पहिल्या प्रिपेअरलाच प्रकार ठरवतं.

सांगलीवाडीकर:
मिरजकर, वेळ गळते हे खरंय, पण तो कास्ट चुकीचा होता. तिथे टाइमस्टॅम्प लिहायला हवं होतं. गुपचूप चूक तर तुमच्या 'कॉलमवरून घेऊ द्या' मध्येही आहे. काटा_वेळ <= $१ लिहून फॉर्ममधून नुसती '२०२५-०१-१०' पाठवा. $१ टाइमस्टॅम्प ठरतो, वेळ ००:०० धरली जाते आणि १० तारखेच्या दिवसभरातल्या गाड्या अहवालातून गायब. शेतकरी पावती घेऊन ऑफिसात येतो तेव्हा कळतं. काटा_वेळ < $१::डेट + १ असं लिहिलं की पूर्ण दिवस येतो.

मिरज_जंक्शन:
ही क्वेरी मान्य. पण तिथे कास्ट लागतो तो + १ मुळे, कारण त्याशिवाय $१ पूर्णांक ठरेल. गणित आलं की कास्ट लावा, एवढाच नियम मी टीमला देईन. सरसकट नाही.

सांगलीवाडीकर:
नवीन पोरगं साध्या तुलनेत उद्या + १ घालतं, तेव्हा तुमचा नियम त्याला आठवायला हवा ना? मी तर सरसकटच लावणार.