गुण सारखे असतील, तर घरच्या पैशाने प्रवेशात फरक पडतो का?

जिज्ञासू (प्रश्न):
अमेरिकेतील नामांकित विद्यापीठे गुणांबरोबरच निबंध, शिफारसपत्रे आणि अभ्यासेतर उपक्रमही विचारात घेतात. परंतु सारखेच गुण मिळवणाऱ्या दोघांपैकी एक अतिश्रीमंत आणि दुसरा मध्यमवर्गीय घरातला असेल, तर निकाल वेगळा लागतो का? लागत असेल, तर नेमका कशामुळे?

आकडेमोड:
लागतो. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, एसएटी किंवा एसीटी या प्रवेशासाठीच्या प्रमाणित परीक्षांचे गुण तुल्य असतानाही उत्पन्नाच्या सर्वांत वरच्या १ टक्क्यातील मुले आयव्ही लीग या जुन्या, प्रतिष्ठित खासगी विद्यापीठांच्या गटातील ८ विद्यापीठे, स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक आणि शिकागो येथे दाखल होण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक असते. ही तफावत मुख्यत्वे प्रवेशाच्या निर्णयांतूनच निर्माण होते. माजी विद्यार्थ्यांच्या पाल्यांना दिली जाणारी पसंती, खेळाडूंची स्वतंत्र भरती आणि अभ्यासेतर बाबींचे मूल्यांकन ही त्यामागची तीन कारणे त्यांनी दाखवली आहेत.

यांपैकी तिसऱ्या कारणाकडे सर्वांत कमी लक्ष जाते. महागड्या खासगी शाळेतील समुपदेशकाकडे मोजकेच विद्यार्थी असल्यामुळे तो प्रत्येकाविषयी सविस्तर आणि नेमके शिफारसपत्र लिहू शकतो. शेकडो विद्यार्थ्यांची जबाबदारी असलेल्या सरकारी शाळेतील समुपदेशकाला ते शक्य होत नाही, आणि प्रवेश समितीसमोर मात्र ही दोन्ही पत्रे विद्यार्थ्याच्या व्यक्तिमत्त्वाचा पुरावा म्हणून येतात. राज्यांच्या प्रमुख सरकारी विद्यापीठांत तुल्य गुणांच्या अर्जदारांमध्ये उत्पन्नानुसार अशी तफावत आढळली नाही, हेही लक्षात घ्यावे.

जिज्ञासू:
मग परीक्षेची अट काढून टाकणे गरीब विद्यार्थ्यांच्या हिताचे ठरेल का? शिकवण्या तर पैसेवाल्यांनाच परवडतात.

काठावरून:
शिकवण्यांचा मुद्दा खरा आहे, कारण गुणांमध्येही उत्पन्नाचे प्रतिबिंब पडतेच. तरीही अट काढण्याचा परिणाम उलटा होऊ शकतो. आयव्ही लीगमधील डार्टमथने २०२४ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली, कारण अल्प उत्पन्न गटातील काही अर्जदार आपले गुण कमी समजून कळवतच नव्हते, आणि त्यांच्या परिस्थितीच्या संदर्भात तेच गुण त्यांना उपयोगी पडले असते. शिवाय गुण बाजूला ठेवले की निबंध आणि उपक्रमांचे वजन वाढते, आणि तिथे पैशाला अधिकच वाव मिळतो.

आकडेमोड:
यात ‘अर्ली डिसिजन’ची, म्हणजे नियमित फेरीआधी एकाच संस्थेकडे अर्ज करण्याच्या मार्गाची, भर घाला. या मार्गाने अर्ज करणारा प्रवेश मिळाल्यास तो स्वीकारण्यास बांधील असतो; अर्थसाहाय्य अपुरे पडल्यास त्याला माघार घेता येते, पण वेगवेगळ्या संस्थांचे देकार समोर ठेवून निवड करता येत नाही. त्यामुळे ज्यांना शुल्काची चिंता नाही, तेच हा मार्ग निर्धास्तपणे निवडतात, आणि अनेक संस्थांत या फेरीतील प्रवेशाचे प्रमाण नियमित फेरीपेक्षा अधिक असते. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून खासगी संस्थांनाही माजी विद्यार्थ्यांच्या आणि देणगीदारांच्या पाल्यांना पसंती देण्यास मनाई केली. अर्ली डिसिजनला मात्र त्या कायद्याने हात लावलेला नाही.